पॅसिफिकचे पाटकरी

“समुद्राला आज ताप किती हाय, ते आप्पाला इचारा. म्हंजी उन्हाळ्यात नळ येणार का न्हाई ते कळंल.”

कुरकुंभहून सुटलेल्या एसटीत माझ्या मागच्या सीटवरून हे वाक्य आलं आणि त्यावर तीन-चार बायका मनसोक्त हसल्या. बोलल्या त्या सुमनमावशी. एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत त्या पॅकिंगला आहेत आणि मी त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत. मी पुढच्या सीटवर बसले आहे हे त्यांना दिसत होतं. मी वळून काही बोलणार नाही हेही त्यांना पक्कं माहीत होतं, कारण दीड वर्षात त्या बसमध्ये ‘एक पाटस फाटा’ यापलीकडे माझं एखादं वाक्य कुणी ऐकल्याचं मलाही आठवत नाही. मी खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिले. फाट्यावर उतरताना मावशी म्हणाल्या, “राग मानू नको गं बाय. आप्पा हायेत म्हणून गावात हसायला काय तरी हाय.” मी ‘हं’ म्हणाले आणि चालायला लागले.

ते आप्पा म्हणजे माझ्या आत्याचे सासरे; नोकरी लागल्यापासून मी त्यांच्याच घरी राहते. समुद्रापासून इतक्या लांब राहून जगातल्या सगळ्या महासागरांची काळजी एकट्याने वाहणारा दुसरा माणूस पृथ्वीच्या पाठीवर नसेल, असं माझं ठाम मत आहे. दौंड तालुक्यातल्या माणसाला काळजी करायला विषय कमी नसतात. कुणी उसाच्या तोडीची करतो, कुणी पोरीच्या लग्नाची, कुणी कंपनीतल्या शिफ्टची. आप्पा पॅसिफिकची करतात. सकाळी चहाच्या आधी, डोक्यावर टोपी चढवता चढवता, ते मला विचारतात, “किती?” घरात नवीन आलेल्या पाहुण्याला वाटतं की वाजले किती असं म्हातारा विचारतोय. तो बिचारा घड्याळ बघून “साडेसहा” म्हणतो आणि आप्पा दचकून कॉटवर बसतात. कारण पॅसिफिकचं पाणी साडेसहा अंशांनी तापलं, तर मग चहा प्यायलाही फारसा अर्थ उरत नाही.

आप्पांची सगळी हयात कॅनॉलवर गेली. ते पाटकरी होते. म्हणजे पाटाला पाणी सुटलं की सायकलवरून हिंडून कुणाच्या शेताकडचं पाटाचं दार कधी उघडायचं आणि कधी बंद करायचं, हे बघणारा माणूस. पाटाच्या सुरुवातीला ज्यांची शेतं ती हेडची माणसं आणि शेवटाला ज्यांची शेतं ती टेलची. हेडची माणसं पोटभर पाणी घेऊन झोपतात आणि टेलची माणसं कोरड्या पाटात उभी राहून पाटकऱ्याच्या नावाने शंख करतात. हा शंख आप्पांनी इतकी वर्षं ऐकला की निवृत्त झाल्यावर तो ऐकू येईना, तेव्हा त्यांना करमेनासं झालं. आणि अशा रिकाम्या दिवसांत एका सकाळी त्यांच्या हाती पेपर पडला. पेपरात ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘एल निनोमुळे पाऊस लांबणार’.

आप्पांनी ते ‘एल. निनो’ असं वाचलं. त्यात त्यांची काही चूक नव्हती. त्यांच्या उभ्या नोकरीत पाणी लांबलं ते नेहमी कुठल्या ना कुठल्या साहेबामुळेच लांबलं होतं आणि साहेबांच्या नावाआधी असं एखादं अक्षर असायचंच. हा साहेब नवीन दिसतो, नावावरून गोव्याकडचा असावा, असा त्यांनी अंदाज बांधला. आठवडाभर ते रोज पेपर बघत राहिले आणि रोज निनो साहेबांचा नवा पराक्रम छापून येत राहिला. शेवटी त्यांनी कोऱ्या कागदावर आपल्या वळणदार अक्षरांत अर्ज लिहिला: ‘श्री. एल. निनो हे अधिकारी आपल्या तालुक्याचा पाऊस वारंवार अडवीत असून त्यांची अन्यत्र बदली करण्यात यावी, ही नम्र विनंती.’ हा अर्ज घेऊन ते एसटीने एका सरकारी कचेरीत गेले. तिथल्या क्लार्कने तो वाचला की नाही कोण जाणे, पण शिक्का मारला, पोच दिली आणि म्हणाला, “वर पाठवतो.” आप्पा समाधानाने परत आले. योगायोग असा की पुढच्याच आठवड्यात पाऊस झाला. गावात आप्पांचं वजन भलतंच वाढलं. राहू गावच्या सोयऱ्यांनी निरोप पाठवला की आमच्या तलाठ्याचंही काही जमतं का बघा.

मी तेव्हा आठवीत होते. शिरूरच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला आत्याकडे आले होते. आप्पांनी ती शिक्क्याची प्रत मला दाखवली. घरी आलेल्या प्रत्येकाला ते ती दाखवतच. आमच्या भूगोलाच्या पुस्तकात नुकताच तो धडा झाला होता. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, “आप्पा, तो माणूस नाहीये. ते गरम पाणी आहे.”

“कुठलं गरम पाणी?”

“समुद्रातलं. पॅसिफिक ओशनमधलं. पेरूजवळ.”

आप्पांनी प्रतीची घडी घातली, उलगडली, परत घातली. “म्हंजी बदली न्हाई व्हायची?”

“नाही.”

“आन् ती निना? तिचं बी नाव येतं पेपरात.”

“ते थंड पाणी.”

“मला वाटलं त्याची बायको,” आप्पा म्हणाले आणि इतके हसले की आत्या हातातलं पीठ घेऊन बाहेर आली. दुसरा कुणी असता तर वरमला असता, विषय सोडून दिला असता. आप्पांनी डोळे पुसत विचारलं, “हे समदं इंग्रजीत लिव्हलेलं असतं का?” मी ‘हं’ म्हणाले. “मग तू वाचायचं आन् मला सांगायचं.” अशा रीतीने वयाच्या तेराव्या वर्षी मला आयुष्यातली पहिली नोकरी लागली. ती अजून चालू आहे.

नोकरीचं स्वरूप साधं होतं. परदेशातल्या एका हवामान खात्याचं पत्रक महिन्यातून एकदा इंटरनेटवर येतं. ते मोबाइलवर वाचायचं आणि आप्पांना मराठीत सांगायचं; मधल्या दिवसांत तोच आकडा आप्पा रोज नव्याने विचारतात. त्यात आकडे असतात, शेरे असतात आणि ते दर महिन्याला येतं, म्हणून आप्पा त्याला ‘निनोचं प्रगतिपुस्तक’ म्हणतात. त्यांना वाटायचं की मी फार हुशार आहे. खरी गोष्ट अशी की माझं मराठी घरात बोलण्यापुरतं होतं. पन्नासच्या पुढचे मराठी आकडे मला घाम फोडायचे. एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी नाइन की सेव्हंटी नाइन, हे ठरवायला मला बोटं लागायची. शंका आली की मी ‘हं’ म्हणायचे. त्या एका अक्षरावर माझं बरंचसं आयुष्य निभावलं आहे.

पहिली अडचण नकाशाची आली. आप्पांनी दौंडहून जगाचा शाळेतला नकाशा आणला, तर त्यात पॅसिफिक दोन्ही काठांना अर्धा अर्धा. “एवढा मोठा समुद्र आन् मधनं फाडलाय,” आप्पा हळहळले. मग त्यांनी आत्याची कात्री घेतली, भारताच्या पश्चिमेला अरबी समुद्रातून ती सरळ खाली चालवली आणि डाव्या हाताचा तुकडा उजव्या हाताला नेऊन चिकटवला. पॅसिफिक भिंतीच्या मधोमध अखंड नांदायला लागला. भारत खिडकीशी आला. फक्त भिंत अपुरी पडल्यामुळे युरोप आणि आफ्रिका दाराच्या मागे गेले. दार लावलं तरच ते दिसतात आणि आप्पांचं दार दिवसभर उघडं असतं. नातवाला शाळेत आफ्रिका कुठे आहे असं विचारलं, तेव्हा त्याने “दाराच्या मागं” असं उत्तर देऊन वर्गाबाहेर उभं राहण्याची शिक्षा घेतली.

या नकाशासमोर उभे राहून आप्पा कुणालाही एल निनो समजावून सांगतात. मी प्रयोगशाळेत काम करते, चार बुकं वाचली आहेत, पण इतकं सोपं मला सांगता येणार नाही. “हे बघा,” ते म्हणतात, “वारं हा पाटकरी. त्याचं काम काय, तर पेरूकडचं गरम पाणी रोज ढकलत ढकलत हिकडं आशियाच्या अंगाला आणायचं. पाणी गरम तिथं ढग, ढग तिथं पाऊस. आता वाऱ्यानंच रजा टाकली, की पाणी ऱ्हातं तिकडंच तुंबून. ढग बी तिकडंच. हेडवाले भिजत्यात आन् आपण टेलला बोंबलत बसतो. तो झाला निनो. निना म्हंजी वाऱ्याचा ओव्हरटाइम.” मग ते खिडकीशी जाऊन भारताला लागून असलेला समुद्र दाखवतात. “पॅसिफिक म्हंजी सोयरे. ही आपली भावकी. सोयऱ्यांनी घाण केली तरी कवा कवा हिची आफ्रिकेकडची बाजू तापती आन् भावकी आपल्याला सांभाळून घेती.” इथे थांबून ते आवर्जून सांगतात की सांभाळून घेणारी ही जगातली एकमेव भावकी आहे.

एक-दोन अंशांनी काय होतंय, असं कुणी म्हणालं की आप्पांना राग येतो. त्यांनी सांगितलेलं उत्तर आता तालुक्यात प्रसिद्ध आहे. “तुझ्या अंगात दीड अंश वाढला तर तू कामाला जातो का? गोधडी घिऊन पडतो ना? मग समुद्रानं पडायचं न्हाई का?” समुद्राला ताप येतो ही कल्पना तिथून निघाली. ती त्यांनी इतकी मनावर घेतली की घरातला काखेत धरायचा थर्मामीटर उचलून हौदात बुडवला आणि आपल्या हौदाला ताप आहे का ते बघायला लागले. त्यानंतर घरात कुणी आजारी पडलं की थर्मामीटर हौदात सापडतो. “माझा नवरा सोसायटीत, सासरे समुद्रात आन् मी तापानं फणफणलेली चुलीपाशी,” असं आत्या सगळ्यांना सांगते. पण नवीन थर्मामीटर आणून तो आप्पांच्या नजरेआड ठेवायचं तिने अजून मनावर घेतलेलं नाही.

पेरूने तर घोटाळाच केला. दाढी करून घेताना आप्पा म्हणाले की पेरूपाशी पाणी तापायला लागलंय. न्हाव्याच्या परसात पेरूचं झाड, त्याच्या बुडाशी पाण्याचं पिंप. तो अर्धी दाढी तशीच ठेवून परसात पळाला आणि पिंपात हात घालून परत आला. “गारच हाय की आप्पा!” तेव्हापासून उन्हाळा जवळ आला की गावातली माणसं आपापल्या बांधावरच्या पेरूची खुशाली आप्पांना कळवतात.

हा माणूस समुद्राला फक्त एकदा भेटला. आत्याच्या यजमानांनी सगळ्यांना कोकणात नेलं होतं. बाकीचे पाण्यात खेळत होते आणि आप्पा धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, कमरेवर हात ठेवून, पाट फुटलाय की काय अशा नजरेनं लाटांकडे बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी शहाळंवाल्याला विचारलं, “याचं दार कुठं हाय?” तो म्हणाला, “कसलं दार?” आप्पा माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “एवढं पाणी आन् कुणाच्या ताब्यात न्हाई.”

आता साठ टक्क्यांची गोष्ट सांगायला हवी. मी ती आजवर टाळली आहे.

मी बारावीत होते. वैशाखात आप्पांचा फोन आला, “प्रगतिपुस्तक आलं का?” माझी प्रवेश परीक्षा तोंडावर होती. मी घाईघाईत पत्रक उघडलं. त्यात लिहिलं होतं की या पावसाळ्यात एल निनो येण्याची शक्यता साठ टक्के आहे. साठ हा आकडा मला मराठीत बिनचूक येत होता. मी म्हणाले, “आप्पा, साठ टक्के.”

मग आप्पांचा आवाज आला, “साठ टक्के म्हंजी फर्स्ट क्लास की. म्हंजी निनो पास झाला?”

मला कळलं होतं की त्यांना काही तरी वेगळंच कळलंय. पण शक्यता म्हणजे काय, हे मराठीत समजावायचं तर चार वाक्यं लागली असती. समोर फिजिक्स पडलं होतं. मी म्हणाले, “हं.”

आप्पांनी सोसायटीच्या ओट्यावर जाऊन सांगितलं की निनो फर्स्ट क्लासमध्ये पास झाला, पाऊस काही खरा नाही. बहुतेकांनी मनावर घेतलं नाही. पण शेजारच्या बाबूरावकाकांचा आप्पांवर विश्वास होता. त्यांनी बाजरी पेरली नाही, रान तसंच ठेवलं. आणि त्या वर्षी असा पाऊस झाला की भीमेचं पाणी पुलाला लागलं. सगळ्यांची रानं हिरवी आणि मधोमध बाबूरावकाकांचा तांबडा पट्टा, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असा. आप्पांना ‘निनो आप्पा’ हे नाव त्या पावसात पडलं. पोरं त्यांना वाटेत थांबवून विचारायची, “आप्पा, दहावीला आमचा निकाल काय लागंल?”

त्या दिवाळीत मी आत्याकडे होते. स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसले होते. बाबूरावकाका बाहेरच्या खोलीत आले आणि उभ्यानेच म्हणाले, “आप्पा, तुम्हाला हे सांगितलं कुणी व्हतं, तेवढं सांगा.”

“पेपरात वाचलं मी,” आप्पा म्हणाले.

त्या घराच्या दोन खोल्यांमध्ये फक्त एक पडदा होता. मी शेंग हातात धरून थांबले. बाबूरावकाका गेले. आप्पा आत आले, माठातलं पाणी प्यायले, माझ्या पुढ्यातल्या चार शेंगा उचलून तोंडात टाकल्या आणि म्हणाले, “भाजायच्या व्हत्या ह्या.” तेव्हा नाही आणि नंतरही कधी नाही, त्यांनी त्या फोनचा उल्लेख केला नाही. मीही केला नाही. बाबूरावकाकांनी वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं.

त्याहून वाईट घडलं ते पुढे. एका वर्षी पत्रकात सगळंच वाईट लिहून आलं आणि मी ते या खेपेला नीट, चार वाक्यांत, शंभरातल्या किती वेळा ते सांगून समजावलं. आप्पांनी ऐकलं, नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले आणि ओट्यावर गेलेच नाहीत. “हसायला लागत्यात लोकं,” एवढंच म्हणाले. त्या वर्षी पाऊस खरोखरच गेला.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे. त्याच्या खाली गावाची पिण्याची विहीर. तलावात पाणी तोवर विहिरीत पाणी, एवढं सोपं गणित. ज्यांची शेतं तलावाला लागून आहेत त्यांनी मोटारी टाकून उसाला पाणी ओढलं आणि शिमग्यापर्यंत तलाव कोरडा, मग विहीर कोरडी. मोठ्या शेतकऱ्यांच्या दारात बोअर आहेत. बुद्धविहाराच्या मागच्या वस्तीत नाहीत. सुमनमावशी तिथल्या. टँकर यायचा तो नेमका पहिल्या शिफ्टच्या वेळेला. हंडे रांगेत लावून थांबायचं तर कंपनीत खाडा पडतो आणि ठेकेदार दोन-चार खाड्यांनंतर माणूस बदलतो. मावशींची तेव्हाची नोकरी अशीच गेली. पॅकिंगचं हे काम त्यांना पुढच्या वर्षी महिन्यामहिन्याच्या बोलीवर मिळालं. आप्पांना हे कळलं त्या दिवशी त्यांनी जेवताना ताट बाजूला सारलं. “कॅनॉलवर असताना टेलची माणसं शिव्या द्यायची, तर मी म्हणायचो, माझ्या हातात काय हाय. या खेपेला व्हतं हातात,” ते आत्याला म्हणाले. “नुसतं तोंड उघडायचं व्हतं.”

यंदा पाऊस लवकर थांबला. तलाव निम्माच भरला. पत्रकात लिहिलं आहे की समुद्र अजून गरम आहे, उन्हाळ्यापर्यंत तसाच राहील आणि आपल्याकडे ऊन कडक पडण्याचा संभव मोठा आहे. आप्पांनी ठरवलं की सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत बोलायचं. तलावावरच्या मोटारी आत्ताच काढा आणि आहे ते पाणी विहिरीसाठी ठेवा. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून मी त्यांना पत्रक तीनदा वाचून दाखवलं. त्यांनी ते पाठ केलं. शक्यता हा शब्द तर त्यांनी इतका घोटला की आत्याने भाजीत मीठ आहे का विचारलं, तर म्हणाले, “शक्यता हाय.”

झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात सभा भरली. मी आत्याच्या शेजारी बायकांत बसले होते. आप्पा उभे राहिले. डोळ्याला काळा चष्मा, स्वच्छ धोतर, हातात चार घड्यांचा कागद, जो त्यांना वाचता येत नव्हता. सुरुवात चांगली झाली. हेड, टेल, वाऱ्याची रजा, लोक ऐकत होते. मग ते म्हणाले, “आता हे नक्की असं न्हाई. शक्यता हाय. टक्क्यात सांगायचं तर...”

“साठ टक्के का, आप्पा?” मागून बाबूरावकाका ओरडले.

सगळं पटांगण हसलं. सरपंच तरुण माणूस, स्वभावाने वाईट नाही, पण त्यांचा ऊस तलावाच्या काठालाच. तेही हसले. “आप्पा, तवा बी निनो पास झाला व्हता. आमची पेरणी नापास करत व्हता तुम्ही.”

“यंदा वायलं हाय,” आप्पा म्हणाले. “तवा माझं चुकलं.”

“मग यंदा चुकणार न्हाई कशावरनं?”

चुकणार नाही असं म्हणायला ते शिकले नव्हते, आणि चुकेन असं म्हटलं की सगळंच संपत होतं. त्यांनी कागद उलगडला, बघितला, परत घडी घातली. आणि खाली बसले.

“हसा,” सुमनमावशी बायकांतून म्हणाल्या. बसमध्ये सगळ्यांना हसवणाऱ्या त्याच. “हसा की. पर मार्चमध्ये हंडे घिऊन रांगेला तुम्ही ऱ्हाणार का? माझं एक काम गेलं तेवढ्यापायी. आता दुसरं घालवू का?”

“मावशी, टँकर येतो की वेळेवर,” सरपंच म्हणाले. “ग्रामसेवक, पुढचा विषय घ्या.”

ग्रामसेवकांनी पान उलटलं. मला तो पान उलटल्याचा आवाज ऐकू आला. मी उभी राहिले तेव्हा मला वाटत होतं की मी फक्त पाय मोकळे करते आहे. पण मग सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि परत खाली बसणं हे बोलण्याहून अवघड झालं. “पाव्हणे, तुमचं मत तर शिरूरला हाय ना?” सरपंच हसून म्हणाले. पलीकडे पुरुषांत बसलेल्या आप्पांनी माझ्या दिशेला मान वळवली. त्यांना मी धड दिसतही नसेन. त्यांनी हात खाली वर केला, बसवण्यासाठी करतात तसा. “बस बाय,” ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे.” इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला कळलं की त्या दिवाळीत पेपरात वाचलं असं म्हणताना ते स्वयंपाकघराच्या पडद्याकडे बघत असणार.

मी बसले नाही. म्हणाले:

“माझं मत शिरूरलाच आहे. मी मत द्यायला उठले नाही. त्या वर्षी ते पत्रक आप्पांनी वाचलं नव्हतं, मी वाचलं होतं. साठ टक्के शक्यता, म्हणजे शंभरातल्या चाळीस वेळा तसं होणार नाही. आप्पांनी मला विचारलं, पास झाला का? मला माहीत होतं की तसं नाही, तरी मी हं म्हणाले. बाबूरावकाका, तुमचं रान माझ्यामुळे पडीक राहिलं. यंदा ऊन कडक पडेल असं लिहिलंय. पुढच्या पावसाचं लिहिणाऱ्यांनाही अजून सांगता येत नाही. सरपंच, मोटारी काढल्या आणि पाऊस वेळेवर आला, तर तुमचा थोडा ऊस वाळेल. नाही काढल्या आणि पाऊस लांबला, तर सुमनमावशींचं काम जाईल. पाऊस आला तर खुशाल हसा. पण या वेळी आप्पांना नाही. मला हसा.”